उजव्या कप्प्यावर नजर

‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषाची पहिली पूर्ण दुरुस्ती १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी केली. दुरुस्तीनंतर मूल खेळू-पळू लागते, पण फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप बहुतेकदा गळकी राहते. उलट येणारे रक्त सामावता सामावता हृदयाचा खालचा उजवा कप्पा वर्षानुवर्षे फुगत जातो, तोही गुपचूप. म्हणून ठरावीक काळाने इको हवाच. मात्र हा कप्पा वेडावाकडा, त्यात छातीच्या हाडामागे दडलेला. त्याचे सर्वांत नेमके माप एमआरआयवर मिळते. रक्ताने पूर्ण भरल्यावर ते शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १५०-१६० मिलिलिटरच्या पुढे गेले, की त्रास नसतानाही नव्या झडपेचा विचार सुरू होतो. अगदी लहानग्यांना एमआरआयसाठी अनेकदा भूल द्यावी लागते.