दोस्तांनी दिलेली भाषा

चोपड्याच्या आठवडे बाजारात थोडा वेळ थांबलं तरी कानावर किती बोली पडतात! कुणी अहिराणीत भाव करतं, कुणी घरच्यांशी गुजरीत बोलतं. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली पावरा मंडळी आपसात पावरी बोलतात, यावलच्या बाजूच्या माणसांच्या तोंडी लेवा बोली असते आणि दुकानांच्या पाट्यांवर मराठी. या सगळ्या बोलींची वाट एकच. आजीकडून आईला, आईकडून लेकराला. मूल कडेवर असतानाच भाषा त्याच्या कानात शिरते, ती कुणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही.

कर्णबधिरांची खुणांची भाषा मात्र या वाटेने येत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, असं अमेरिकेतल्या पाहण्यांमधून दिसलं आहे. म्हणजे आईजवळ माया भरपूर असते, पण मुलाला डोळ्यांनी घेता येईल अशी भाषा नसते. घरात खाणाखुणा तयार होतात: जेवायला ये, पाणी आण, बाबा शेतात गेले. त्यात मोठी कल्पकता असते. पण घरच्या चार माणसांपलीकडे त्या कुणाला कळत नाहीत. ‘का’ असं विचारायचं, उद्याचा बेत सांगायचा किंवा एखादी गोष्ट रंगवायची, तर त्या तोकड्या पडतात. पुरी भाषा मिळते ती दुसऱ्या कर्णबधिर मुलाकडून. शाळेच्या पटांगणात, वसतिगृहात, शिबिरात. म्हणून या भाषेत आणि तिच्याबरोबर येणाऱ्या ओळखीत दोस्तांचं स्थान आईच्या जागेचं आहे. मला ही गोष्ट जितकी कळत जाते तितकी ती अधिक थक्क करते.

मुलं नुसती एकत्र आली तर काय होतं, याचा सर्वांत विलक्षण पुरावा निकाराग्वात मिळाला. मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशात कर्णबधिर मुलं आपापल्या घरी एकेकटी वाढत होती. १९७७ साली राजधानी मानाग्वात विशेष शिक्षणाची शाळा निघाली, १९८० साली मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षणाची. काही वर्षांतच दोन्ही मिळून चारशेहून अधिक मुलं जमली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि ते फारसं साधत नव्हतं. पण मैदानात, रस्त्यावर, शाळेच्या बसमध्ये मुलं आपापल्या घरच्या खुणा एकमेकांसमोर टाकत होती. काही टिकल्या, काही गळाल्या, कितीतरी नव्याने जन्मल्या. १९८६ साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जूडी केगल तिथे गेल्या, तेव्हा त्यांना लहान मुलं मोठ्या मुलांहून अधिक सफाईने आणि बांधेसूद बोलताना दिसली. कुणीही न शिकवता एक नवी भाषा, व्याकरणासकट, उभी राहत होती.

त्यातला एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. अ‍ॅन सेंगस या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कर्णबधिरांना एक कार्टून दाखवलं. त्यात एक मांजर बोलिंगचा जड चेंडू गिळतं आणि उतारावरून गडगडत खाली जातं. मग प्रत्येकाला ती गोष्ट खुणांनी सांगायला लावली. सुरुवातीच्या तुकडीतल्या माणसांनी जसं घडलं तसंच हाताने दाखवलं. हात गोल फिरतोय आणि फिरत फिरतच खाली येतोय. स्पॅनिश बोलणारी माणसंही बोलता बोलता हातवारे असेच करतात. पण पुढच्या तुकड्यांमधली मुलं त्या एका हालचालीचे दोन भाग करू लागली. आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली जाणं’. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात, डोळ्यांना वेगळ्या दिसतही नाहीत. त्यांना सुटं करून एकामागून एक मांडणं हे काम भाषेचं. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातवाऱ्याचे शब्द होताना त्याआधी इतक्या जवळून क्वचितच कुणी पाहिलं असेल, आणि ते घडवणारी होती शाळेतली पोरं.

माणसाच्या मेंदूला भाषा तोंडावाटे हवी की हातावाटे, याची पर्वा नसावी. संशोधक लॉरा पेटिटो यांनी १९९१ साली दाखवलं, की कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळं बोबडे बोल बोलतात ते हातांनी. ऐकणारं बाळ ‘बाबाबा’ करतं त्याच वयात हे बाळ हाताची एखादी निरर्थक, पण भाषेतल्या खुणेसारखीच घडण पुन्हा पुन्हा करत राहतं.

आपली भारतीय सांकेतिक भाषाही अशीच स्वतःच्या व्याकरणाची धनी आहे. तिच्यात प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. एकच प्रश्नखूण ‘जागा’च्या खुणेला जोडली की ‘कुठे’ होतं, ‘वेळ’च्या खुणेला जोडली की ‘केव्हा’. नकारही शेवटी. बाई म्हणायचं तर बोट नाकाच्या कडेला, चमकी घालतात तिथे. पुरुष म्हणायचं तर बोटं मिशीवरून. या भाषेचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास १९७७ नंतर मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड यांनी सुरू केला. वसिष्ठ स्वतः अकराव्या वर्षी बहिरे झालेले. दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि दक्षिणेकडच्या खुणा त्यांनी ताडून पाहिल्या, तेव्हा शब्द जागोजागी थोडे बदलत होते, पण भाषा एकच होती. देशभर ही भाषा शाळेत कुणी शिकवत नव्हतं, तरी ती एक राहिली होती.

शाळेत ती का शिकवत नव्हते याचं कारण मिलानमध्ये आहे. १८८० साली तिथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर एकच. खुणा बंद करा, मुलांना बोलायलाच लावा, असा ठराव झाला आणि तो जगभर पसरला. त्याच दशकात बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. पुढे आपल्याकडच्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वर्गात ओठांकडे बघायचं आणि वर्गाबाहेर हातांनी बोलायचं, असं चालत आलं. मिलानच्या त्या ठरावांबद्दल शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो थेट २०१० साली, व्हँकूवरला. एकशेतीस वर्षं लागली. भाषा या सगळ्यातून तगली, कारण मुलं एकमेकांना भेटत होती.

शाळा सुटल्यावर भेटायचं कुठे? मुंबईकर कर्णबधिरांनी यावर जे उत्तर काढलं ते मला फार आवडतं. अ‍ॅनेलीस कुस्टर्स या स्वतः कर्णबधिर असलेल्या बेल्जियन अभ्यासक महिलेने त्यावर लिहिलं आहे. लोकलमधल्या अपंगांसाठीच्या डब्यात संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कर्णबधिर मंडळी ठरवून भेटतात. मित्र अमुक गाडीत आहे हे कळलं की ती गाडी येईपर्यंत फलाटावर थांबतात, गप्पा संपल्या नाहीत तर आपलं स्टेशन जाऊ देतात. नोकरीच्या बातम्या, लग्नं, भांडणं, किस्से, सगळं तिथे. शिकलेला, न शिकलेला, म्हातारा, कॉलेजचा पोरगा, सगळे एका डब्यात. चालत्या गाडीतला हा एक कट्टाच आहे.

चोपड्याला लोकल नाही. खेड्यातल्या कर्णबधिर मुलाला आपल्यासारखं माणूस रोज भेटेल असं ठिकाणही सहसा नसतं. इथेच शिबिराचं मोल कळतं.

अमेरिकेत कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६९ साली हायस्कूलच्या मुलामुलींसाठी उन्हाळी नेतृत्व शिबिर सुरू केलं. जागतिक कर्णबधिर महासंघाची युवा शाखाही मुलांची, किशोरांची आणि तरुणांची शिबिरं वेगवेगळी भरवते. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या खुणांची मुलं एकत्र येतात आणि थोड्याच दिवसांत एकमेकांशी बोलू लागतात. मराठी आणि फिनिश मुलाला तोंडी भाषेत हे कधी जमलं असतं? अशा शिबिरात टाळ्या वाजत नाहीत, हात उंच करून हलवतात. कुणाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटतात नाही तर दिव्याची उघडझाप करतात. सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसावेत म्हणून बसणं नेहमी गोलात. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात रात्री वीज गेली की ऐकणाऱ्यांच्या गप्पा अंधारात उलट रंगतात. यांच्या मात्र मधल्या वाक्यावरच थांबतात, म्हणून उशाशी बॅटरी हवीच.

आणि तिथे नाव मिळतं. घरी ठेवलेलं नाव मुलाने कधी ऐकलेलंच नसतं. दोस्त त्याला खुणेचं नाव देतात. गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, चष्मा, हसण्याची लकब, जे डोळ्यांत भरेल त्यावरून. ते आयुष्यभर चालतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे मोठी कर्णबधिर माणसं दिसतात. ज्या मुलाने कर्णबधिर मोठा माणूस कधी पाहिलेला नाही, त्याला कधीकधी वाटत असतं, की मोठं झालं की आपल्याला ऐकू येऊ लागेल, किंवा आपल्यासारखी मुलं मोठी होतच नसावीत. शिबिरात तंबू ठोकणारा, हिशेब ठेवणारा, दटावणारा ताई-दादा खुणांनी बोलतो, तेव्हा त्या मुलाला पहिल्यांदाच आपलं मोठेपण दिसतं.

आजची मुलं कर्णबधिर असण्याची ही ओळख जशीच्या तशी घेत नाहीत, तिला नवा आकार देतात. एकाच्या कानामागे कॉक्लियर इम्प्लांट हे ऐकण्याचं यंत्र असतं, तो घरी बोलतो आणि मित्रांत हात चालवतो. दुसरीला थोडं ऐकू येतं आणि वर्षानुवर्षं तिला ‘तू धड इकडची नाहीस, धड तिकडची नाहीस’ असं वाटत आलेलं असतं. जुन्या पिढीत यावरून कडक रेघा ओढल्या गेल्या. शिबिरातल्या गोलात बसून ही मुलं विचारतात, की दोन्ही का नको? मला ही मुलं बरोबर वाटतात. कानाला यंत्र लावलं म्हणून हातातली भाषा काढून घ्यायचं कारण नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलने तर खेड्यातल्या मुलालाही शिबिर संपल्यावर दोस्तांशी हातांनी बोलत राहायची सोय केली आहे.

साधनं आता हाताशी आहेत. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले आणि ते चित्रफितींसह कुणालाही फुकट पाहता येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत शिकवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. आणि शिबिरांची रीत खानदेशाला नवी नाही. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. तिथे एकेकाळी शिकवणाऱ्या साने गुरुजींशी जोडलेल्या सेवादलाची शिबिरं इथल्या कितीतरी घरांनी पाहिली आहेत. एकमेकांच्या भाषा शिका, असं सांगणारी आंतरभारतीची कल्पना गुरुजींचीच.

तेव्हा येत्या मे महिन्यासाठी एक सुचवतो. चोपडा, यावल, अमळनेर, शिरपूर या तालुक्यांतल्या कर्णबधिर मुलांचं आठ दिवसांचं एक शिबिर भरवा. शाळेचं एखादं सभागृह, रात्री भरपूर उजेड, आणि शिकवायला खुणांची भाषा बोलणारे दोन-चार कर्णबधिर तरुण एवढ्यावर ते उभं राहील. शेवटचे दोन दिवस आईवडिलांनाही बोलवा. मुलं त्यांना शिकवतील.