कुंडाखाली ज्वालामुखी आहे का?

सुट्टीत आजी-आजोबांबरोबर वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाऊन आलेल्या एका शाळकरी वाचकाने विचारलं आहे : ‘तिथल्या कुंडांखाली ज्वालामुखी आहे का? तो जागा झाला तर?’ या भीतीला कारण आहे. सह्याद्री लाव्हारसाचा बनला आहे, म्हणून कोकणातलं पाणी गरम, असं मोठी माणसंही सांगतात. त्यातलं पहिलं खरं, दुसरं नाही. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला.

जमिनीत खाली जाऊ तसं तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. ज्वालामुखी असो वा नसो, हे सगळीकडेच होतं. पावसाचं पाणी भेगांमधून झिरपत खूप खोल गेलं की तापतं, हलकं होतं आणि वर येऊ पाहतं. खरी मेख आहे ती या परतीच्या वाटेत. सावकाश आलेलं पाणी वाटेतच निवतं. चटकन वर यायला खोल, उभी भेग लागते, आणि कोकणपट्टीच्या खडकांत अशा भेगा आहेत. म्हणून झरे सगळीकडे नाहीत, ठरावीक जागीच आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी संगमेश्वरजवळच्या तुरळ-राजवाडीच्या पाण्यातली समस्थानिकं तपासली, तेव्हा हे पाणी मुळात पावसाचंच असल्याचं दिसलं.

पण तळाशी पाणी किती तापलं होतं, हे काठावर बसून कसं कळणार? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडतं ते याचं उत्तर. निवलेल्या चहाचा कप समोर ठेवला तरी रंगावरून कळतं, पत्ती उकळत्या पाण्यात पडली होती की कोमट. चहा गार झाला म्हणून रंग परत पत्तीत जात नाही. गारगोटीतल्या सिलिकाचंही तसंच आहे. पाणी जितकं तापलेलं, तितकी ती जास्त विरघळते. आणि पाणी वर येताना निवलं तरी लगेच खाली बसत नाही. अमेरिकेचे रॉबर्ट फोर्नियर आणि जॅक रो यांनी १९६६ मध्ये या साध्या गोष्टीवरून खोलवरचं तापमान काढण्याची रीत मांडली. भोक न पाडता, नुसत्या बाटलीभर पाण्यावरून! आज भू-औष्णिक विजेच्या गप्पा सगळे मारतात, पण या दोघांची नावं क्वचितच कानावर येतात. दापोली तालुक्यातल्या उन्हवरेचं पाणी वर येतं तेव्हा सुमारे ७० अंश असतं. तळाशी ते त्याहून बरंच तापलेलं असणार.

आता गंधकाचं. ‘गंधकाचं पाणी, त्वचारोग जातात’ हे प्रत्येक कुंडावर ऐकू येतं. सडक्या अंड्यासारखा वास असतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि आपलं नाक या वायूचा अब्जांशातला अंशही ओळखतं. त्यामुळे वास आला म्हणजे गंधक भरपूर, असं होत नाही. कोकणातल्या या पाण्यात विरघळलेले असतात ते प्रामुख्याने क्लोराइडचे क्षार. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, बरं वाटतं, हे खरंच आहे. मात्र त्वचेवर जखम किंवा संसर्ग असेल तर कुंडात न उतरता डॉक्टरांकडे जावं.

झरे शोधण्याचं श्रेय कुणाला द्यायचं? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं करणारे थॉमस ओल्डहॅम यांची देशभरातल्या उष्ण झऱ्यांची यादी १८८२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, मुलाने प्रसिद्ध केली. (हाच मुलगा, रिचर्ड, पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवणार होता.) पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या गावांनी ही नोंद करून ठेवली होती. राजापूरचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीचं उन्हवरे, खानदेशातलं उनपदेव : या सगळ्यांत ‘ऊन’ आहे, ऊन पाणी. वज्रेश्वरीची कथा सांगते की देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताने इथलं पाणी तापलं. पाणी गरम का, हा प्रश्न ही कथा रचणाऱ्यांनाही पडला होता.

तेव्हा मित्रा, ज्वालामुखीची काळजी सोड. काळजी वाटते ती वरच्या बाजूची. अष्टविनायक करताना पालीहून उन्हेरेला वळणारे, गोवा महामार्गावरून तुरळला थांबणारे अनेक जण कुंडातच साबण लावतात, तिथेच कपडे खंगाळतात. गावची रीत मात्र आधी बाहेर अंग धुऊन मग पाण्यात उतरायची आहे. आधी हाताने पाणी चाचपून पाहा, कारण काही ठिकाणी ते खरोखर भाजतं. नाकात पाणी जाऊ देऊ नका. बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगळं असेल तर तो नियम पाळा. साबण पिशवीतच राहू द्या. तेच पाणी कुंडातून ओसंडून पुढे गावच्या ओढ्याला मिळतं.