नोड ‘नॉट रेडी’ झाल्यावर

कुबरनेटिस क्लस्टरमधला नोड म्हणजे कंटेनर चालवणारा एक खरा किंवा आभासी संगणक. चेन्नईजवळ कोवलमच्या किनाऱ्यापासून थोडे आत, सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये, असे संगणक सांभाळणारी डेटा सेंटर आहेत. त्यांची देखभाल बहुधा दुसऱ्याच शहरातून होते, त्यामुळे बिघाड शोधायचा तो कमांड लाइनवरूनच.

‘कुबेक्टल गेट नोड्स’ ही पहिली कमांड. तिच्या उत्तरात ‘नॉट रेडी’ आले म्हणजे यंत्र बंद पडले, असे समजणे घाईचे ठरते. प्रत्येक नोडवरचा कुबलेट हा प्रोग्रॅम साधारण दर १० सेकंदांनी आपण चालू असल्याचे कळवत असतो. नेमके काय झाले ते ‘कुबेक्टल डिस्क्राइब नोड’ सांगते. तिथे ‘रेडी’पुढे ‘फॉल्स’ असेल तर कुबलेट जिवंत आहे आणि अडचण तो स्वतःच सांगतो आहे. ‘अननोन’ असेल तर संपर्कच तुटला आहे. त्या नोडवरचे कंटेनर मात्र तरीही चालू असू शकतात. हा फरक न पाहता केलेला पुढचा सगळा तपास वाया जातो.

अनेक नोड एकदम ‘अननोन’ झाले, तर आधी नेटवर्क आणि वीज तपासावी. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसाने चेन्नईचे मोठे भाग पाण्यात आणि अंधारात गेले होते. अशा दिवशी एकेका नोडच्या नोंदी चाळत बसण्यात अर्थ नसतो.

एकच नोड आजारी असेल तर ‘डिस्क प्रेशर’ पाहावे. लिनक्स नोडच्या मुख्य डिस्कवर १० टक्क्यांहून कमी जागा उरली, की मूळ सेटिंगनुसार कुबलेट पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचे गट, हुसकावू लागतो. जागा खाणारे बहुतेकदा लॉग आणि कंटेनरांच्या जुन्या इमेज असतात.

नोडच्या आत शिरण्यासाठी ‘कुबेक्टल डीबग नोड’ सोयीची आहे. पण तीही कुबलेटकडूनच पॉड चालू करून घेते; तोच बंद असेल तर एसएसएच लागते. आत ‘सिस्टमसीटीएल स्टेटस कुबलेट’ आणि ‘जर्नलसीटीएल’ कारण दाखवतात: मुदत संपलेले प्रमाणपत्र, चुकलेले सेटिंग, थांबलेला कंटेनर रनटाइम. कुबलेट गप्प असतानाही ‘क्रायसीटीएल पीएस’ थेट रनटाइमला विचारून चालू कंटेनरांची यादी देते.

रीस्टार्ट त्यानंतरच करावा, कारण त्यात पुष्कळदा पुरावा पुसला जातो. त्याआधी ‘कॉर्डन’ने नवे पॉड थांबवायचे, ‘ड्रेन’ने जुने हलवायचे, आणि नोड सुधारला की ‘अनकॉर्डन’ करायचे.