पतंग, तित्तर आणि लपण्याची विद्या

फील्डक्राफ्टच्या तासाला आम्ही तोंडाला काजळी फासतो, टोपीत गवत खोचतो आणि झुडपाआड पालथे पडतो. तरीही उस्ताद नेमके बोट दाखवतात. कारण बहुधा एकच असते : कोणीतरी हललेले असते. आपल्या देशातले दोन जीव हा धडा जन्मतःच शिकून येतात.

पहिला, कण्हेरीवर वाढणारा हॉक मॉथ. हिरव्या रंगामुळे त्याला ‘आर्मी ग्रीन मॉथ’ असेही म्हणतात. पंख पसरल्यावर हा पतंग सुमारे १० सेंटिमीटर भरतो. पंखांवरच्या हिरव्या, गुलाबी, पांढरट पट्ट्यांमुळे त्याचा आकार तुटक दिसतो आणि पान कुठे संपले, पंख कुठे सुरू झाला ते कळत नाही. दिवसभर तो निश्चल बसतो. अंधार पडू लागला की फुलांतल्या मधासाठी उडतो.

दुसरा, राखी तित्तर. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर. अंगावरच्या बारीक रेघांमुळे तो वाळलेल्या गवतात दिसेनासा होतो. चाहूल लागली की तो दबून बसतो किंवा पळत झुडपात शिरतो. आपण अगदी जवळ गेलो, तरच भर्रकन उडतो, थोड्या अंतरावर उतरतो आणि पुन्हा पळतो.

म्हणजे दोघांचा पहिला नियम एकच : हलू नका. फरक पडतो तो शत्रूने गाठल्यावर. तित्तर पायांवर आणि पंखांवर भरवसा ठेवतो. पतंगाच्या अळीला पळता येत नाही. ती डोके आत ओढते आणि पाठीवरचे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके पुढे करते. समोरच्याला वाटावे, हा कोणी मोठा प्राणी आहे!

पण दोघांचाही रंग जागेवाचून निरुपयोगी आहे. पतंगाचा कोष जमिनीवरच्या पालापाचोळ्यात असतो आणि तित्तर गवतात, झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालतो. श्रमदानात आपण कुंपणालगतचा सगळा पाला जाळतो, गवत मुळापासून कापतो, तेव्हा त्यांचे छद्मावरणच काढून घेतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तित्तराच्या शिकारीला बंदी आहे. पण नुसती बंदूक खाली ठेवून भागत नाही. मैदान जरूर स्वच्छ असावे, कुंपणालगत मात्र गवताचा आणि पाचोळ्याचा एक पट्टा राखून ठेवावा. आडोसा नसेल तर काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?