कोणाच्या नावाने ‘येस सर’?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात ‘प्रॉक्सी’ म्हटलं की मागच्या बाकावरून मित्राच्या नावाला दिलेलं ‘येस सर’ आठवतं. संगणकाच्या जगातली प्रॉक्सीही मुळात तेवढंच करते. ब्राउझरला हवं असलेलं पान ती त्याच्या वतीने सर्व्हरकडे मागते आणि आलेलं उत्तर त्याच्या हाती ठेवते. पण दुसऱ्याच्या नावाने बोलायची मुभा मिळाली, की काय बोलायचं तेही आपणच ठरवू शकतो. गेल्या तीस वर्षांत या मुभेचं काय काय झालं, त्याचा हा आढावा.

कुंपण, साठवण, चाळण

प्रॉक्सीची पहिली गरज कुंपणामुळे निर्माण झाली. संस्थांनी आपलं जाळं फायरवॉलमागे ठेवलं, तेव्हा आतल्यांना वेब दिसावं म्हणून दारात एक निरोप्या बसवावा लागला. जिनिव्हाच्या सर्न संस्थेच्या सर्व्हर-प्रोग्राममध्ये ही सोय होती. १९९४ मध्ये आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सींवर निबंध सादर केला. निरोप्याला जोडकामही मिळालं: एकाने मागितलेलं पान जपून ठेवायचं, दुसऱ्याने मागितलं की घरातलंच काढून द्यायचं. १९९६ पासूनची ‘स्क्विड’ याच कामासाठी नावाजली. मग ‘प्रिव्हॉक्सी’सारख्या प्रॉक्सी आल्या. त्या वापरणाऱ्याने लिहिलेल्या नियमांनुसार जाहिराती आणि कुकी वाटेतच गाळू लागल्या.

आपल्याकडे हा मध्यस्थ नकळत घरोघरी पोहोचला तो ‘ऑपेरा मिनी’मुळे. कळांच्या नोकिया फोनवर पानं झटकन उघडत, कारण ती आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडून, आवळून फोनकडे धाडली जात. बँकेचं कुलूपबंद पानही त्या सर्व्हरवर उलगडलं जाई. डेटा वाचत होता, म्हणून मध्ये कोण बसलंय हे फारसं कोणी विचारलं नाही.

ओळखपत्र दाखवा

एचटीटीपीएस आल्यावर हजेरीची रीत बदलली. आता सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागतं, आणि ब्राउझर त्यावरची सही ओळखीच्या संस्थेची आहे का ते पडताळतो. साध्या प्रॉक्सीला अशा वेळी कोणत्या सर्व्हरकडे जायचं एवढंच कळतं. बाकी मजकूर ती न फोडता पुढे सरकवते.

तरीही आत डोकावायचं असेल तर प्रॉक्सीला स्वतःच सही करणारी संस्था व्हावं लागतं. ती प्रत्येक साइटच्या नावाचं सर्टिफिकेट जागच्या जागी तयार करते. ब्राउझर ते मानतो, पण आपण आधी तिचं मूळ सर्टिफिकेट त्याच्या विश्वासाच्या यादीत घातलं असेल तरच. ‘चार्ल्स’, एरिक लॉरेन्स यांचं ‘फिडलर’, डॅफिड स्टटर्ड यांचं ‘बर्प’, २०१० मध्ये ‘पारोस’मधून निघालेलं ‘झॅप’, त्याच वर्षीची आल्डो कोर्टेसी यांची ‘एमआयटीएमप्रॉक्सी’ ही सगळी साधनं याच युक्तीवर उभी आहेत. शेवटच्या नावातली चार अक्षरं ‘मॅन इन द मिडल’ची. हल्लेखोराची संज्ञा साधनाने उघडपणे मिरवली आहे.

सरावाचं दुकान

ही युक्ती शिकायला ‘ज्यूस शॉप’ उत्तम. हे फळांच्या रसाचं खोटं दुकान वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प प्रकल्पाने मुद्दाम भोकं ठेवून बांधलं आहे. ते आपल्याच संगणकावर चालवायचं, शेजारी एमआयटीएमप्रॉक्सी सुरू करायची आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून आपलाच संगणक व पोर्ट ८०८० भरायचं. नवख्यांची संध्याकाळ इथे वाया जाते: ब्राउझर आपल्याच संगणकाकडे जाताना प्रॉक्सीला सहसा वळसा घालतो. तो वळसा सेटिंगमधून बंद केला की रिक्वेस्टांची रांग दिसू लागते.

मराठी माणसाला पहिली गंमत पत्त्याच्या पेटीत भेटते. दुकानाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘पुणे’ टाइप करा. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण उकार-मात्रा सुटे मोजले की चार चिन्हं होतात, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे ‘पुणे’ प्रॉक्सीत छत्तीस अक्षरांचं होऊन येतं. देवनागरी नाव फॉर्ममध्ये का तुटतं, हे अशा वेळी डोळ्यांनी बघता येतं.

दुसरी गंमत पिशवीत. पानावर रसाच्या बाटल्या एकाच्या खाली जात नाहीत. पण बाटल्यांची संख्या बदलणारी रिक्वेस्ट प्रॉक्सीत अडवायची, आकड्याची जागा उणे शंभरने भरायची आणि सोडून द्यायची. एकूण रक्कम उणे होते. दुकानच आपलं देणं लागतं! पानावरची तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीची असते. हिशेब सर्व्हरनेच पुन्हा करायचा असतो. हा धडा हजार वेळा ऐकून जेवढा उमजत नाही, तेवढा या एका आकड्याने उमजतो. रोज तोच बदल हाताने करायचा कंटाळा आला तर पायथनच्या चार-पाच ओळींचा नियम लिहून ठेवता येतो.

फोनवर प्रकरण अवघड होतं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरकर्त्याने घातलेलं सर्टिफिकेट आपणहून मानत नाहीत. तशी परवानगी ॲप बनवणाऱ्यानेच द्यावी लागते. तपासनिसाची गैरसोय झाली, पण ही सावधगिरी अनाठायी नव्हती.

न सांगता बसलेले

कारण हीच युक्ती न सांगताही वापरली गेली. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरात-प्रोग्राम मूळ सर्टिफिकेटासकट सापडला. सगळ्या यंत्रांत गुप्त किल्ली एकच होती, आणि तिचा पासवर्ड एका तज्ज्ञाने काही तासांत काढला. २०१९ मध्ये कझाकस्तानात लोकांना सरकारी सर्टिफिकेट घालायला सांगण्यात आलं. गूगल, मोझिला आणि ॲपलने ते आपल्या ब्राउझरांत नाकारलं. भारतही यातून सुटला नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं आणि केंद्राची सही करणारी सर्टिफिकेटं रद्द करावी लागली.

कायदाही परवानगीचाच प्रश्न विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणं येतं. ते अप्रामाणिक हेतूने केलं, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून सराव आपल्या दुकानावर, आपल्या यंत्रावर.

आणि काम झालं की मूळ सर्टिफिकेट काढून टाकायचं. ते विसरलात, तर त्याची किल्ली ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या ब्राउझरपुढे कोणत्याही साइटच्या नावाने ‘येस सर’ म्हणू शकेल. अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये विश्वासू सर्टिफिकेटांची यादी असते. त्यात वापरकर्त्याने घातलेल्यांचा रकाना वेगळा. बहुतेकांचा तो रिकामा असतो. एकदा उघडून पाहा. तिथे एखादं नाव दिसलंच, तर ते कोणी बसवलं, हे तुम्हाला आठवायला हवं.