तुटलेली तार आणि गांठ

सोलापूर हें विणकरांचें गांव. तुटलेल्या सुतास गांठ मारली कीं माग पुन्हां चालतो, हें येथें पोरासोरांसही ठाऊक. त्याच समजुतीनें, माडीवर नेलेली इंटरनेटची केबल उंदरानें कुरतडली तेव्हां आम्हीं आठही तारांचीं टोकें वळून जोडलीं व वर चिकटपट्टी गुंडाळली. यंत्राचा दिवा लागला. नातवाचा दूरस्थ वर्ग मात्र वारंवार अडूं लागला. आम्हीं दोष त्याच्या अनास्थेस दिला.

वास्तविक या तारा दोन-दोनांच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पिळामुळें बाहेरील विद्युत्-उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो; घेणारें यंत्र त्यांतील फरकच वाचतें, म्हणून उपद्रव गळून पडतो. आमच्या सांध्याशीं पीळ चार बोटें उकललेला होता. तेथें संदेश बिघडे, कांहीं अंश मागें परते, व तोच मजकूर पुनः पाठवावा लागे.

शक्यतों अखंड केबलच घालावी. लांबी १०० मीटरांच्या आंत असावी. जोडणें अटळ असल्यास रंगास रंग राखून तयार जोडपेटी वापरावी, आणि पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलूं नये.

नवी केबल एका दुपारींत बसली. “चुकलें, बाळ,” असें नातवास म्हणावयास आम्हांस आणखी दोन दिवस लागले.