तबकडीवरील अटळ जाहिरात

पैसे मोजून विकत आणलेली चित्रपटाची तबकडी यंत्रात घातल्यावर आधी जाहिरात सुरू व्हावी आणि ती पुढे सरकवण्यासाठी रिमोटचे बटण दाबले असता पडद्याच्या कोपऱ्यात फुली मारलेले वर्तुळ किंवा हाताचा पंजा उमटावा, हा अनुभव डीव्हीडीच्या काळात असंख्य कुटुंबांना आला. यंत्र बिघडले असावे किंवा रिमोटची बॅटरी संपली असावी, असा समज अनेकांचा होई. प्रत्यक्षात यंत्र व्यवस्थित चालू होते आणि तबकडी तयार करणाऱ्याने घालून दिलेला नियम पाळत होते. प्रेक्षकाच्या घरात, त्याच्या खर्चाने आणलेल्या यंत्रावर, त्याच्याच वेळेवर तिसऱ्याची हुकमत चालावी, ही गोष्ट दिसायला किरकोळ असली तरी ग्राहकाच्या हक्काच्या दृष्टीने किरकोळ नाही.

ही हुकमत कशी चालत असे, ते समजून घेण्यासाठी डीव्हीडीची रचना थोडक्यात पाहावी लागते. १९९६ साली बाजारात आलेल्या या तबकडीवर चित्र आणि आवाज यांच्याबरोबरच यंत्राने काय करावे, याच्या सूचनाही नोंदवलेल्या असतात. तबकडी आत जाताच सर्वांत आधी काय दाखवायचे, हे ठरवणारी एक स्वतंत्र सूचना असते आणि जाहिरात, आगामी चित्रपटांची झलक किंवा निर्मात्याचे बोधचिन्ह बहुधा तिच्याच आधारे पुढे आणले जाते. त्याखेरीज पुढे जाणे, मागे येणे, वेग वाढवणे, मुख्य यादी उघडणे अशा प्रेक्षकाच्या पंचवीस क्रियांपैकी कोणत्या क्रियेला कोठे मनाई आहे, याच्या खुणा तबकडीत असतात. या खुणा चित्राच्या जेमतेम अर्ध्या ते एक सेकंदाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर नोंदवता येत असल्यामुळे निर्मात्याला हवे तेथे कुलूप लावता येते आणि हवे तेथे काढता येते. या सोयीमागे दोन रास्त कारणे होती. भलत्या वेळी दाबलेल्या बटणामुळे यंत्राचा गोंधळ होऊ नये, हे एक. आणि हक्कासंबंधीची कायदेशीर सूचना प्रत्येकाच्या नजरेखालून जावी, हे दुसरे. सूचनेसाठी लावलेले हेच कुलूप पुढे जाहिरातीला लावले गेले आणि खरी तक्रार येथूनच सुरू होते.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावांत मात्र डीव्हीडीच्या आधी व्हीसीडीचे राज्य होते. १९९३ साली प्रमाणित झालेल्या या तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचेच चित्रण मावत असल्यामुळे एक चित्रपट दोन, कधी तीन तबकड्यांत विभागलेला असे. व्हीसीडीत वरील प्रकारची मनाई नव्हती. जाहिरात स्वतंत्र भागात ठेवलेली असेल तर ‘पुढे’ हे बटण दाबून ती टाळता येत असे. म्हणून तिला चित्रपटाच्याच भागात शिवून टाकण्याची युक्ती रूढ झाली. गाणे संपता संपता जाहिरात येई, ऐन प्रसंगात पडद्याच्या तळाशी अक्षरांची पट्टी सरकत राही आणि दुसरी तबकडी घातली की पुन्हा तोच प्रकार. सरकती पट्टी तर कोणत्याही बटणाने टळत नसे, कारण ती चित्राचाच भाग झालेली असे. ही रीत व्हीडिओ कॅसेटच्या काळापासून चालत आली होती, तबकडीने ती फक्त पुढे नेली.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला या सक्तीचा जाच शहरातील प्रेक्षकापेक्षा अधिक होण्याचे एक ठोस कारण होते आणि ते म्हणजे भारनियमन. दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तास वीज नसे. लाइट असेल तेवढ्या वेळात दळण, पाणी आणि मुलांचा अभ्यास उरकून मग करमणुकीला जागा मिळे. अनेक घरी टीव्ही असला तरी प्लेअर नसे, तो तबकड्यांसह एका रात्रीपुरता भाड्याने आणला जाई आणि शेजारपाजारचे लोक अंगणात जमत. अशा वेळी चित्रपट रंगात आला असताना लाइट गेली आणि तासाभराने परत आली, तर साध्या प्लेअरला आपण कोठे थांबलो होतो याची आठवण राहत नसे. तो तबकडी पहिल्यापासून सुरू करी. डीव्हीडी असेल तर तीच कुलूपबंद जाहिरात पुन्हा संपूर्ण पाहावी लागे आणि त्यानंतरच सुटलेला प्रसंग शोधता येई. ज्याच्याकडे विजेचे आणि भाड्याचे तास मोजके होते, त्याच्याकडूनच जाहिरातीने सर्वांत जास्त वेळ घेतला. तबकडी तयार करणाऱ्यांनी या प्रेक्षकाचा विचार केला असता, तर एकदा दाखवलेली जाहिरात दुसऱ्यांदा टाळण्याची मुभा ठेवणे त्यांना मुळीच अवघड नव्हते.

जाहिरातीमुळे तबकडी स्वस्त मिळते, हा या पद्धतीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद पूर्णपणे चुकीचा म्हणता येत नाही. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली आणि अस्सल तबकडी बेकायदा नकलेच्या किमतीला आणून ठेवली. हे काम मोलाचे होते, कारण त्यामुळे सामान्य माणसाला प्रामाणिकपणे खरेदी करणे परवडू लागले. परंतु स्वस्ताईच्या बदल्यात जाहिरात पाहायची असेल, तर तो सौदा खरेदीपूर्वी सांगितला गेला पाहिजे. चित्रपटाची लांबी वेष्टनावर छापली जात असे, आत किती मिनिटांच्या जाहिराती आहेत हे सांगण्याचे बंधन मात्र कोणावरही नव्हते. शिवाय ही सक्ती जगभरातील महागड्या तबकड्यांवरही होती. तेव्हा तिचा संबंध केवळ किमतीशी जोडणे पटत नाही.

कायद्याकडे पाहिले म्हणजे पारडे कोणीकडे झुकलेले आहे, ते स्पष्ट दिसते. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ म्हणजे निर्मात्याच्या नकलेवरील हक्काचा कायदा. त्यात १९८४ साली घातलेल्या कलम ५२अ नुसार चित्रपट घरगुती स्वरूपात प्रसिद्ध करताना सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, तो तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, परवानगी घेतल्याचे निवेदन आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता हा तपशील पडद्यावर आणि वेष्टनावर दाखवावा लागतो. तो न दाखवल्यास कलम ६८अ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राने तर २००९ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या १९८१च्या कायद्यात बेकायदा नकला करणाऱ्यांचाही समावेश केला. निर्मात्याच्या हक्कासाठी इतकी तटबंदी उभी असताना तबकडी पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या वेळेसाठी एक ओळही लिहिली गेली नाही. दूरचित्रवाणीला १९९४च्या केबल नियमांतून तासाला बारा मिनिटांची मर्यादा लागू झाली, त्यांपैकी दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींसाठी आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीसाठी. तबकडीला अशी कोणतीही मर्यादा नव्हती, आणि टीव्हीवर निदान वाहिनी तरी बदलता येत होती.

या सक्तीचा सर्वांत वाईट परिणाम प्रामाणिक ग्राहकावर झाला. २००४ पासून परदेशी तबकड्यांवर चोरी करू नका, असे बजावणारी एक गाजलेली चित्रफीत सक्तीने दाखवली जात असे. ती पाहावी लागे ती अस्सल तबकडी विकत घेणाऱ्याला. नक्कल करणारा मात्र तबकडीतून नेमका चित्रपट तेवढा उचली आणि सूचना व जाहिराती मागे सोडून देई. पुढे मोबाइलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले, तेव्हाही त्यात आलेला चित्रपट बहुधा असाच मोकळा असे. पैसे मोजणाऱ्याला अडथळा आणि न मोजणाऱ्याला सुकर वाट, अशी व्यवस्था ज्या व्यवसायाने स्वतः उभी केली, त्याने बेकायदा नकलेविषयी केलेल्या तक्रारीतील बळ आपल्या हातानेच कमी केले.

लोकांनी आपापल्या परीने उपाय शोधले. काही प्लेअरवर ‘थांबा’ हे बटण दोनदा दाबून मग ‘सुरू’ दाबले की यंत्र थेट चित्रपटावर जाई. मनाईच्या खुणा न जुमानणारे स्वस्त चिनी प्लेअरही बाजारात होते आणि संगणकावरील व्हीएलसी हा मोफत प्लेअर त्या खुणा सहसा मानत नाही. यात कायदाभंग होतो, अशी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक तंत्र मोडण्याला शिक्षा सांगते, पण ती हक्कभंगाच्या हेतूने मोडण्याला. आणि स्वतःच्या तबकडीवरील जाहिरात ओलांडणाऱ्याचा तसा हेतू नसतो.

तबकडीचा काळ आता ओसरला आहे. मोझर बेअर कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या अवस्थेत गेली. जाहिरातीचे कुलूप मात्र टिकून राहिले. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ सेवेत १७ जून २०२५ पासून वर्गणी भरणाऱ्या भारतीय ग्राहकांनाही जाहिराती दाखवल्या जाऊ लागल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये भरण्याचा पर्याय देण्यात आला. येथे दर निदान उघड सांगितला आहे, एवढा फरक मान्य केला पाहिजे. पण आधी विकलेली वस्तू मधेच बदलून तीच पुन्हा विकणे न्याय्य ठरत नाही. वर्गणी घेताना जाहिराती आहेत की नाहीत आणि किती वेळ आहेत, हे सेवेने स्पष्ट सांगावे आणि एकदा पाहिलेली जाहिरात त्याच चित्रपटात पुन्हा सक्तीची नसावी, एवढ्या दोन गोष्टी ग्राहकांनी आग्रहाने मागायला हव्यात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूबद्दल व सेवेबद्दल माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे, आणि त्यासंबंधीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही नोंदवता येते.